चौथं कार्ड

प्रिय,

तुझा मेसेज रात्री वाचला. चालण्याच्या शर्यतीत अठराव्या किलोमीटरला पंचांचं चौथं रेड कार्ड, म्हणजे शर्यतीतून बाद, आणि वर ‘पंचविशी आली सर, आता काय उरलं’. कार्डाचं दुःख मला कळतं. वयाचं रडगाणं मात्र ऐकून घेणार नाही.

ग्रीसमधल्या कार्दित्साची अँटिगोनी ड्रिझबिओती माहीत आहे का? जन्म 1984 चा. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या चालण्याच्या शर्यती उन्हामुळे साप्पोरोला हलवल्या, तिथे ती 20 किलोमीटरमध्ये आठवी आली. वय 37. पुढच्या जुलैत ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत 35 किलोमीटरला चौथी. पदक एका पायरीवर राहिलं. त्या वयात तिने बूट खुंटीला टांगले असते तर कुणी नावं ठेवली नसती. महिनाही उलटला नाही, तोवर बाई म्युनिकला युरोपियन स्पर्धेत उभी! 16 ऑगस्टला 35 किलोमीटर, 2 तास 47 मिनिटं, सुवर्ण. म्हणजे किलोमीटरला साधारण 4 मिनिटं 46 सेकंद. चारच दिवसांनी 20 किलोमीटर, 1 तास 29 मिनिटं 3 सेकंद, पुन्हा सुवर्ण. आणि या वेळी किलोमीटरला 4:27. पस्तीस चालून आलं की चौथ्या दिवशी आपल्याला धड जिना उतरवत नाही, हे तुला सांगायला नको. 2023 मध्ये बुडापेस्टला जागतिक कांस्य मिळालं तेव्हा ती 39 ची होती.

आता तुझं कार्ड. पंचांचं पिवळं पॅडल, म्हणजे ताकीद, दोनदा दिसलं म्हणतेस, दोन्हीवर वाकडा कोन. म्हणजे दोष गुडघ्याचा, पाय जमिनीवरून सुटण्याचा नाही. पाय सुटला तर पॅडलवर नागमोडी रेघ असते. पाय टेकल्यापासून शरीर त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा ताठ हवा, बस. तीन पंचांची तीन कार्डं झाल्यावर पेनल्टी झोनमध्ये दोन मिनिटं थांबलीस, आणि बाहेर पडताच ती दोन मिनिटं वसूल करायला निघालीस. चौथं कार्ड तिथेच ठरलं होतं. पंच साध्या डोळ्यांनी बघतात, कॅमेऱ्याने नाही; घाई त्यांना लांबूनच दिसते.

ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल 2000 मध्ये सिडनीला, घरच्या ऑलिम्पिकमध्ये, आघाडीवर असताना स्टेडियमच्या तोंडाशी बाद झाली. तेव्हा थांबायला झोनही नव्हता. तिसरं कार्ड, खेळ खलास. चार वर्षांनी अथेन्सला तिने कांस्य घेतलं.

त्याच शर्यतीत सुवर्ण कुणाचं, माहीत आहे? यजमान ग्रीसची अथानासिया त्सूमेलेका, वय 22, वेळ 1:29:12. रशियाची ओलिंपियादा इवानोवा फक्त 4 सेकंदांनी मागे. मी मुलांना त्सूमेलेकाची गोष्ट इथपर्यंतच सांगायचो. उरलेली आज सांगतो, कारण मेसेजच्या शेवटी तू हळूच त्या ‘ताकदीच्या इंजेक्शन’बद्दल विचारलं आहेस. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकला ती नववी आली, आणि पुढे तिच्या नमुन्यात सेरा सापडलं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध आहे ते. नववा क्रमांकही गेला. तिने तसं का केलं ते तिलाच ठाऊक, मी न्याय करायला बसलेलो नाही. पण ज्याने तुला ते इंजेक्शन सुचवलं त्याचं नाव मला फोनवर सांग. लिहून पाठवू नकोस.

या आठवड्यात घड्याळ कपाटात ठेव. रोज 6 किलोमीटर, सावकाश, आणि दर किलोमीटरला बहिणीकडून गुडघ्याचा बाजूने व्हिडिओ काढून घे. पहिला किलोमीटर मला पाठवू नकोस, तो सगळ्यांचाच छान असतो. सहावा पाठव.

रविवारी पहाटे साडेपाचला ट्रॅकवर ये. जुनेच बूट घाल.

सर