हप्त्याचं ओझं आणि उजवा हात

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘टुगेदर’ पाहिलास, रात्रभर रडलीस आणि सकाळी उठून मला लिहिलंस, की बाई, व्हायोलिनच्या आठव्या ग्रेडच्या परीक्षेचा फॉर्म भरत नाही, घरी जाते, बाबा एकटे आहेत. एका सिनेमाने एवढी उलथापालथ केली असेल, तर आधी त्या सिनेमाचाच समाचार घ्यायला हवा. बाबांचं नंतर बघू.

सिनेमा मला आवडतो, हे आधी कबूल करते. चिनी दिग्दर्शक चेन काइगेने तो २००२ साली केला. त्याच वर्षी सान सेबास्तियनच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं आणि बापाचं काम करणाऱ्या ल्यू पेइचीला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. त्या नटाने हा बाप, ल्यू चंग, असा उभा केलाय की दृष्ट काढावी. कालव्याकाठच्या छोट्या गावातला आचारी, डोक्यावर लाल लोकरी टोपी, त्या टोपीतच लपवलेले पैसे, आणि भेटेल त्या माणसासमोर पोराचं कौतुक करताना वाकलेली पाठ. पोरगा श्याओछुन तेरा वर्षांचा. दोघं स्पर्धेसाठी बेजिंगला येतात, पोरगा व्हायोलिन सुंदर वाजवतो आणि पाचवा येतो. का, तर तो बेजिंगचा रहिवासी नाही आणि संस्थेला देणगी देणारा बाप त्याच्यापाशी नाही. हे कुणी त्यांना तोंडावर सांगत नाही, बापाच्या कानावर आपसूक पडतं. आपल्याला हा निव्वळ वशिल्याचा मामला वाटतो, पण तिथे त्याला सरकारी आधार आहे. चीनमध्ये १९५८पासून ‘हुकोउ’ नावाची नोंदणी आहे. ज्या गावात तुझी नोंद, तिथल्या शाळा-सवलती तुझ्या. दुसऱ्या शहरात तू पाहुणी. गावाकडची लाखो माणसं शहरात राबली आणि त्यांची पोरं मात्र तिथल्या शाळांच्या दाराबाहेर राहिली, ती यामुळे. बापाने पोराला बेजिंगमध्ये ठेवायचं ठरवलं म्हणजे काय ठरवलं, हे त्यावरून समजेल.

तू रडलीस ती शेवटाला. ऐन स्पर्धेच्या वेळी पोरगा सगळं सोडून स्टेशनावर धावतो आणि गावी परत निघालेल्या बापासमोर, गर्दीत उभा राहून रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्तो वाजवतो. तिकडे मंचावर त्याच्या जागी दुसरी मुलगी तेच वाजवत असते. मीही रडले होते. ते रचलंयच तसं. त्या संगीतावर कोरडं राहणारं माणूस विरळाच. पण तो शेवट कुणी लिहिला ते जरा बघ.

चेन काइगेचा जन्म १९५२चा. त्याचे वडील चेन ह्वाइकाय हेही दिग्दर्शकच. चीनमध्ये माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा हा चौदा वर्षांचा होता, आणि चारचौघांसमोर त्याने बापाला दोषी ठरवलं, धक्का दिला. तेव्हा असंच चाललं होतं. घरोघरी पोरं आईबापांविरुद्ध उभी केली जात होती. पुढे हा युन्नानमध्ये रबराच्या मळ्यात राबला, सैन्यात गेला, १९७८मध्ये बेजिंगच्या फिल्म अकादमीत शिरला. बापाने त्याला माफ केलं, कामात मदतही केली. ज्या चित्रपटाला १९९३मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्याच्या कामात म्हातारा त्याच्यासोबत होता. पुढच्याच वर्षी तो गेला. चेनने हे स्वतः लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही.

आता तो शेवट पुन्हा आठव. पोरगा गर्दीतून धावतोय आणि हजार माणसांदेखत बापाला सांगतोय की तू माझा. मला तर त्यात पन्नाशीचा दिग्दर्शक धावताना दिसतो. हा माझा तर्क, पण तो खोडून काढणारं मला अजून काही सापडलेलं नाही. ज्याने चौदाव्या वर्षी चारचौघांत बापाला नाकारलं, त्याने पन्नाशीत चारचौघांत बापाला आपलं म्हटलं. ते देणं त्याचं होतं, त्याने त्याच्या परीने फेडलं. तू तुझ्या बाबांना कधी नाकारलंस? मग त्याचं देणं तू कशाला फेडतेस?

बरं, ल्यू चंगने पोराकडे स्पर्धा सोडण्याची मागणी केली होती का? तो तर त्याला अडचण होऊ नये म्हणून निघाला होता. पोरगा स्टेशनावर वाजवतो तेव्हा बापाला पोरगा मिळतो, पण ज्यासाठी त्याने टोपीत पैसे साठवले ते हातचं जातं. पडदा पडतो म्हणून चालून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं काय बोलले असतील, याचा विचार चेनने केलेला नाही. तुला करावा लागेल, कारण तुझ्याकडे पडदा पडणार नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमधून हात धुऊन आलेले तुझे बाबा चहा घेता घेता विचारतील, “परीक्षेचं काय झालं गं?” तेव्हा “तुमच्यासाठी सोडली” हे उत्तर त्यांच्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होईल.

सिनेमातला बाप संत आहे. चिडत नाही, हिशेब मागत नाही, पोराने आपलं व्हायोलिन विकून शेजारच्या बाईला कोट घेतला तरी त्याला टाकत नाही. (तेरा वर्षांचं पोर प्रेमात पडलं की असंच करतं. तो भाग मला सगळ्यात खरा वाटतो. पण वाद्य विकलेलं बघून माझ्या हाताला घाम फुटला, हेही लिहून ठेवते.) खरे बाप असे नसतात. चीनमधलाच पियानोवादक लांग लांग घे. त्याच्या वडिलांनी पोलिसातली नोकरी सोडली, आई शेनयांगमध्ये कमवायला मागे राहिली आणि बापलेक बेजिंगमध्ये एका हलाखीच्या खोलीत राहिले. त्याच्या पियानोच्या बाईंनी शिकवणं बंद केलं तेव्हा पोरगा नऊ-दहा वर्षांचा होता. एक दिवस सरावाला उशीर झाला म्हणून बाप इतका भडकला की, गोळ्या खा नाहीतर गॅलरीतून उडी मार, जगून काय करणार, असं म्हणाला. पोराने भिंतीवर मुठी आपटून स्वतःचेच हात फोडायला घेतले आणि मग कित्येक महिने पियानोला बोट लावलं नाही. हे लांग लांगने आत्मचरित्रात लिहिलंय. तोच पुढे १९९७मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतसंस्थेत गेला आणि १९९९मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्राबरोबर ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बसून चायकोव्हस्की वाजवून जगभर गाजला. त्यावरून कुणी ‘बघा, कडक बाप हवा’ म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

तुझे बाबा ना ल्यू चंग, ना लांग लांगचे वडील. त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून तुला व्हायोलिन घेऊन दिलं, दहा तारखेला हप्ता भरतात, आणि महिन्याकाठी एकदा तरी तुझ्यावर खेकसतात, हे तूच सांगितलंस. छान. खेकसणाऱ्या बापाशी बोलता येतं, संताच्या फक्त पाया पडता येतं. तेव्हा त्यांना विचार: हप्ता किती, किती उरलेत, जामीन कोण आहे. तू एकोणीस वर्षांची आहेस, हे तुला ठाऊक असायला हवं. आकडा कळेपर्यंत कर्ज डोंगराएवढं वाटतं. कळला की शनिवार-रविवारी चार लहान मुलांना शिकवून त्यातला किती भाग उचलता येईल, हे कागदावर मांडता येतं. शिकवण्या मी बघून देते.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. गेले काही महिने तुझा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, दाबला जातोय. वरच्या तारेवर सूर घुसमटतो, टोकाशी जाताना हात थरथरतो, आणि लांब स्ट्रोक घ्यायचा म्हटलं की खांदा वर येतो. मी अंगठा सैल कर म्हणत राहिले, तू करतही होतीस, पण दोन मिनिटांत पुन्हा तेच. तुझं पत्र वाचलं आणि उलगडा झाला. कर्ज उजव्या हातात उतरतं, पोरी. प्रत्येक स्केल जणू हप्ता भरल्यासारखी वाजवतेस. डावा हात चुकला तर सूर हलतो, तो लगेच कळतो. उजव्या हातातली भीती लवकर कळत नाही, कारण वाजवणाऱ्याला वाटतं आपण मन लावून वाजवतोय. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. उघड्या तारा. रोज पहिली वीस मिनिटं नुसत्या उघड्या तारा, गजाच्या बुडापासून टोकापर्यंत, हाताचं वजन टाकून, जोर न लावता. बोटं तारेला लावायचीच नाहीत. ज्याला कुणाला काही देणं लागत नाही त्याचा सूर कसा असतो, तो आधी ऐक.

रियाझाचा विषय निघालाच आहे तर सांगते. श्याओछुन झालेला मुलगा तांग युन हा खराच व्हायोलिन शिकणारा होता, म्हणून त्याची बोटं खरी दिसतात. पण आपल्याला ऐकू येतं ते ली छुआनयुनचं वादन. सिनेमात तो छोट्या भूमिकेतही आहे, आणि स्वतः लहानपणी गाजलेला. म्हणजे तू ज्याला ऐकून रडलीस त्याच्यामागे कैक वर्षांचे एट्यूड, म्हणजे सरावाचे धडे, आहेत, आणि त्यातला एकही पडद्यावर नाही. दिग्दर्शकाची चूक नाही. क्रॉयट्झरच्या सरावपुस्तकातल्या बेचाळीसपैकी दुसरा एट्यूड तासभर दाखवला तर तिकीट कोण काढेल? पण तू शिष्या आहेस, प्रेक्षक नव्हेस.

सिनेमात पोराला शिकवणाऱ्या दोन मास्तरांबद्दल तू लिहिलंस: ज्यांगसर खरे, यूसर खोटे. इथे तुझी गफलत होतेय. ज्यांगसर मांजरांच्या पसाऱ्यात राहणारा, जगावर रुसलेला माणूस. पोराला त्याच्याकडून वाजवण्याचा आनंद मिळतो. यूसर नामवंत, शिष्याला मंचावर कसं उभं करायचं ते जाणणारा. गंमत म्हणजे ती भूमिका चेन काइगेने स्वतःच केलीय. आपणच उभ्या केलेल्या माणसाला त्याने इतका थंड रंगवला, हे मला धाडसाचं वाटतं. पोराच्या जन्माचं गुपित त्याला सांगून त्यातून वादनात दर्द आणू पाहणारा मास्तर मला चालणार नाही. असा कुणी भेटला तर चपला घाल आणि निघ. पण मंच शिकवणारा मास्तर लागतोच. मला हॉलमध्ये कसं उभं राहायचं ते फार शिकवता येत नाही, मी ज्यांगसरांच्या गोतावळ्यातली. माझे सर गोव्याचे. चर्चच्या पॅरिश स्कूलमध्ये सोल्फा, म्हणजे तिकडचं सारेगम, घोकून आलेले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत व्हायोलिनच्या रांगेत बसून पोट भरलेले. मुंबईच्या स्टुडिओंत अशी किती तरी गोवेकर माणसं होती. नोटेशन समोर ठेवलं की पहिल्याच फटक्यात वाजवायची, नाव कुठेच यायचं नाही. ते काम आता उरलेलं नाही. मुंबईच्या एनसीपीए कलाकेंद्रात २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यात अजून बरेच वादक बाहेरून येतात. तिथल्या खुर्चीवर इथलं पोर बसायचं असेल तर माझ्यासारखीच्या पुढे जाऊन शिकावं लागेल. परीक्षा झाली की मी तुला दुसऱ्या सरांकडे नेणार आहे. आत्तापासून रुसू नकोस. ल्यू चंगने ज्यांगसरांना ‘आता पोराला दुसरीकडे नेतो’ हे सांगितलं, ते मला सगळ्या सिनेमातलं त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं. तुझ्या बाबांना हे सांगायची वेळ यायला नको, म्हणून मीच सांगते.

घरी जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. दिवाळीला जा, चार दिवस राहा, व्हायोलिन सोबत ने. बाबांना चायकोव्हस्की ऐकवायला जाऊ नकोस. उघड्या तारा ऐकव, स्केल ऐकव, जिथे अडकतेस ते अडकताना ऐकव. ज्या वाद्याचा हप्ता ते भरतात त्यावर रोज काय चालतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नसेल. कंटाळून उठून गेले तर जाऊ दे. ते पुन्हा येऊन बसतील, मेकॅनिक माणूस आहे, अडलेलं यंत्र बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

फॉर्मची शेवटची तारीख बघून ठेव आणि या आठवड्यातच भर. फी कमी पडत असेल तर मला सांग, उसने देते. मात्र परत घेईन, म्हणजे तुझ्या यादीत माझं नाव चढणार नाही. गुरुवारी येताना बो घेऊन ये, केस झडलेत आणि राळ लावून लावून तू ते चिकट केलेस. दादरला एकजण नवे केस भरून देतो, त्याच्याकडे टाकू. तारांखालचा ब्रिजही पुढे झुकलाय, तो सरळ करायला स्वतः हात लावू नकोस, पडला तर आतली साउंडपोस्टची काडी हलेल. मी करून देते.

तुझी,
बाई