स्टेशन ‘माजी’ होतं का?

‘कुलाबा हे मुंबईतलं माजी रेल्वे स्टेशन’ असं फोटोखाली लिहिलं तर चालेल का, की ‘भूतपूर्व’ लिहावं, असा प्रश्न आला आहे.

अर्थ पोचेल, पण मला दोन्ही खटकतात. ‘माजी’चं मूळ अरबी; तिथं अर्थ नुसता ‘सरलेलं, गेलेलं’. मराठीत मात्र तो माणसांना चिकटला: माजी आमदार, माजी सरपंच, माजी विद्यार्थी. पद गेलं, माणूस आहे. कुलाब्यात मागे राहिलंय कोण? स्टेशनाच्या जागी आता बधवार पार्क, म्हणजे रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी आहे. ‘भूतपूर्व’ तर भाषणांपुरताच उरलाय. गंमत म्हणजे त्याचा नकार, ‘अभूतपूर्व’, रोजच्या वापरात ठणठणीत आहे.

मग ‘जुनं कुलाबा स्टेशन’? इथं खरी अडचण आहे. ‘जुनं’ म्हटलं की ऐकणारा नवं शोधतो. बीबीसीआय रेल्वेची (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या आधीच्या कंपनीची) गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायची, आणि तिथं 1896 मध्ये स्टेशनची नवी इमारत झाली. म्हणजे ‘जुनं स्टेशन’ कुठलं, त्याआधीचं की हे? शिवाय जुनं असूनही चालू असलेली स्टेशनं थोडी का आहेत! भायखळा जुनंच की.

‘पूर्वीचं’ नाव बदललं तिथं चपखल बसतं. ‘पूर्वीचं व्हीटी’ म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. इमारत तीच, पाटी बदलली. कुणी ‘पूर्वाश्रमीचं व्हीटी’ही म्हणतं. स्टेशनाने संन्यास घेतल्यासारखं वाटतं, पण थट्टेत खपून जातं. कुलाब्याला मात्र नवं नाव मिळालं नाही, त्याची गाडीच गेली. 1928 च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि तीन वर्षांच्या आत, 31 डिसेंबर 1930 ला, स्टेशन बंद. बॅकबेत समुद्रात भर घालून जमीन तयार करणं चाललं होतं. रूळ तिथून काढायचे ठरले. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच डिसेंबरात उघडलेल्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटला थांबू लागल्या.

अशा वेळी मराठी विशेषण शोधत बसत नाही, क्रियापदाला कामाला लावते. ‘बंद झालेलं’, ‘मोडून टाकलेलं’, ‘तेव्हा असलेलं’. गोष्टीच्या ओघात ‘तत्कालीन कुलाबा स्टेशन’ही शोभेल, पण आधी काळ सांगून झालेला हवा, नुसत्या फोटोखाली तो शब्द अधांतरी लोंबकळतो.

मी असतो तर लिहिलं असतं: ‘कुलाब्याला 1930 पर्यंत स्टेशन होतं, ते हे.’