दुपारच्या फेरीतच लँडिंग का बिघडते? एका प्रशिक्षणार्थीला उत्तर

आपण लिहिले आहे की सकाळची लँडिंग नीट होतात, पण दुपारपर्यंत ताटकळल्यानंतर मिळालेल्या फेरीत विमान आपटते किंवा उसळते, आणि एकदा तर फ्लॅप्स (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली करायच्या पट्ट्या) लावायचेच राहून गेले. ‘माझ्यात हे कौशल्यच नाही का?’ हा आपला प्रश्न वाचून राहवले नाही. कौशल्याची उणीव असती तर सकाळही बिघडली असती. मीही खानदेशातच, याच उन्हात, सेस्ना १७२ या छोट्या विमानावर शिकलो आहे. मी प्रशिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही, त्यामुळे शेवटचा शब्द आपल्या प्रशिक्षकांचाच समजावा. फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच वर उचलणे) कधी करावा आणि नजर कुठे ठेवावी, हे ते सांगतीलच.

थकवा इंजिन सुरू झाल्यापासून मोजायचा नसतो, जाग आल्यापासून मोजायचा असतो. पहाटे चारला उठून पत्र्याच्या शेडमध्ये विमानाची वाट पाहत बसलेला मुलगा दुपारी एकला कॉकपिटमध्ये बसतो, तेव्हा त्याच्या लॉगबुकात त्या दिवसाचे उड्डाण शून्य असते. शरीराचा हिशेब मात्र केव्हाच पुढे गेलेला असतो. थकलेले मन एकाच गोष्टीला चिकटते. वेगाच्या काट्याकडे पाहू लागले की धावपट्टी सुटते, धावपट्टीकडे पाहिले की फ्लॅप्स सुटतात.

त्यात आपल्याकडचे ऊन. समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास असलेल्या धावपट्टीवर पारा ४२ अंशांवर गेला की हवा चार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. काट्यावर ६५ नॉट दिसत असले तरी विमानाचा खरा वेग त्याहून चार-पाच नॉट जास्त असतो. ताजा वैमानिक काट्यावर विश्वास ठेवतो. थकलेल्याला जमीन वेगाने धावताना दिसते, त्याचा हात नकळत पॉवर कमी करतो आणि विमान शेवटच्या काही फुटांत धपकन बसते. नांगरलेल्या काळ्या शेतावरून येताना विमान वर उचलले जाते आणि पाणी दिलेल्या केळीच्या बागेवर आले की खाली दबते, हेही ध्यानात ठेवावे.

आता मला सर्वात महाग पडलेली गोष्ट सांगतो. मी शिकत होतो तिथल्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी किती वाजता हजर झाला याची नोंदच ठेवली जात नसे. नोंद फक्त उड्डाणाची. शिवाय विमान बेस लेगवर, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला आडव्या जाणाऱ्या टप्प्यावर, असतानाच कार्यालयातून रेडिओवर विचारणा होई की उतरल्यावर विमान कोणाला द्यायचे, इंधन किती उरले आहे. अशाच एका दुपारी, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळताना आलेल्या विचारणेला उत्तर देत असताना वेग उतरला, विमान जोरात आपटून उसळले आणि नाकाच्या चाकावर आले. सेस्ना १७२ चे पुढचे चाक फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीला) जोडलेले असल्यामुळे तिथला पत्रा तपासल्याशिवाय विमान पुन्हा उड्डाणाला सोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अहवालात फक्त ‘प्रशिक्षणार्थीची चूक’ एवढेच लिहिले गेले. ताटकळण्याचा आणि रेडिओचा उल्लेख करावा म्हणून मी दिलेल्या अर्जावर ‘अशी नोंद ठेवण्याची पद्धत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. तेवढ्यात पावसाळा लागला आणि माझा तो हंगाम गेला. याचा राग मला आजही आहे.

१९७४ साली अमेरिकेत शार्लट येथे उतरताना एक प्रवासी विमान कोसळले. कॉकपिटमध्ये तेव्हा इकडच्या तिकडच्या गप्पा चालू होत्या. १९८१ साली तिथे नियम झाला की दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही बोलायचे नाही. आपले सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची सरावाची फेरी, तर जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवर असते! म्हणून माझे ठाम मत आहे की सर्किटमध्ये टॉवर आणि जवळची विमाने सोडून कोणालाही ‘स्टँडबाय’ (थांबा) एवढेच उत्तर द्यावे, मग समोर कोणीही असो. चेकलिस्ट मध्येच तुटली तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी. तीनशे फुटांवर वेग, रेषा किंवा फ्लॅप्स यांपैकी एक जरी बरोबर नसेल तर गो-अराउंड घ्यावा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जावे, आणि उसळल्यावर नाक खाली ढकलू नये.

वाट पाहताना वीस मिनिटे डोळा लागला तर चांगलेच, पण उठल्या उठल्या विमानात बसू नये. २०१० च्या मंगळूर अपघातात कॅप्टन प्रवासाचा बराच काळ झोपलेले होते आणि उतरतानाच्या निर्णयांवर त्या झोपेची गुंगी होती, असे चौकशीतून पुढे आले. त्यात १५८ जण गेले. उड्डाणाआधी भरीत-भाकरीचे पोटभर जेवणही टाळावे आणि पाणी तहान लागण्याआधी प्यावे.

आणि एक करावे. रोज हजर झाल्याची वेळ, रात्रीची झोप आणि उड्डाणाची वेळ वहीत लिहून ठेवावी. दुपारची फेरी नाकारायची असेल तर ती त्याच दिवशी लेखी नाकारावी, अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नये.