सायबेरियातल्या मिर्नी जिल्ह्यात माणसं राहतात तरी कशी, आणि पोट कशावर चालतं?

एका शब्दात सांगायचं तर हिऱ्यांवर. रशियाच्या याकुतियातला हा जिल्हा महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा, पण लोकवस्ती जेमतेम 70-75 हजार. तीही मिर्नी, उदाच्नी, आयखाल अशा खाणगावांत एकवटलेली. बाकी सगळी तैगा, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं जंगल.

1955 साली इथे 'मिर' हा हिऱ्यांचा साठा सापडला आणि मागोमाग शहर उभं राहिलं. शहराला खेटूनच ती खाण आहे: 500 मीटरपेक्षा खोल, सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद. वरचं खोदकाम थांबल्यावर भुयारी खाण सुरू झाली, पण 2017 मध्ये त्यात पाणी घुसलं, आठ कामगार गेले आणि ती बंद पडली.

हिवाळ्यात पारा उणे 40 च्याही खाली. जमीन बारमाही गोठलेली, म्हणून इमारती खांबांवर. घराची ऊब खाली उतरली तर पायाच खचायचा! रेल्वे नाही. जड माल लेना नदीतून लेन्स्कला येतो, पुढे ट्रकने.

नोकऱ्या बहुतेक अलरोसा या हिरे काढणाऱ्या रशियन कंपनीच्या किंवा तिच्या जिवावरच्या, हाच मला खरा धोका वाटतो. इथला कच्चा माल पैलू पाडायला सुरतेला येतो, व्यवहार मुंबईच्या बीकेसीत होतात.