चेतक अर्ध्या तासात सुरू, नवी स्कूटर मात्र तीन दिवस बंद!

प्रश्न : वडिलांची 1986ची बजाज चेतक अकरा वर्षं पडवीत उभी होती. गावातल्या मिस्त्रीनं प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर साफ केला आणि अर्ध्या तासात गाडी सुरू झाली. माझी 2022ची स्कूटर मात्र इंजिनातल्या बिघाडाचा पिवळा दिवा लागून बंद पडली, ती तीन दिवस सर्व्हिस सेंटरमध्येच होती. नव्या इंजिनात एवढी गुंतागुंत हवीच कशाला? आणि सर, चेतक आता रोज वापरू का?
– एक वाचक, वाई

उत्तर : चेतकच्या इंजिनात मुख्य हलणारे भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑईल पंपसुद्धा नाही. वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 20 मिली. आयटीआयमध्ये मी 31 वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला आणि नव्या मुलांना पहिलं इंजिन खोलायला हेच दिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं टेबलावर मांडून व्हायचं, आणि प्रत्येक भागावर बोट ठेवून पोरं त्याचं काम सांगायची.

शिवाय हे इंजिन आपलं दुखणं लपवत नाही. प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, तुंबलंय किंवा पेट्रोलचा कॉक बंद आहे. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही. तुमच्या मिस्त्रीनं नेमकं याच वाटेनं शोधलं असणार.

पण चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच सगळं काम उरकणारं. त्यात जळलेला धूर बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत शिरतं, आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. वर ऑईलही जळतं. सिग्नलला चेतकच्या मागे उभं राहून डोळे चुरचुरलेले तुम्हालाही आठवत असतील. स्क्रूड्रायव्हर फिरवून हे सुधारत नाही.

कार्बोरेटरचंही, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचंही, तसंच. पसरणी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, की सुमारे 1,350 मीटरवर हवा विरळ होते. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो पेट्रोल जवळपास वाईच्याच मापानं सोडत राहतो, मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो आणि गाडी दमते. तुमच्या नव्या स्कूटरचे सेन्सर हवेचा दाब, तापमान आणि धुरातला ऑक्सिजन मोजतात, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, त्याप्रमाणे पेट्रोलचं माप बदलत राहतो. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, ते साध्या कार्बोरेटरला पेलणारे नव्हतेच. त्यामुळे ही गुंतागुंत मला पूर्ण मान्य आहे.

मान्य नाही ती लपवाछपवी. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या स्कूटरला असाच दिवा लागला. एका सर्व्हिस सेंटरनं अख्खी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, बदलायला सांगितली. स्कॅनरवर बिघाडाचा कोड कोणता आला, हे विचारलं तर सांगेनात. गाडी घरी आणून मी एकेक कनेक्टर सोडवून पाहिला. एकाच्या पिनेवर हिरवा गंज होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना घासल्या, दिवा गेला. सेन्सरलाही शेवटी वायर आणि पिनाच असतात, आणि त्या डोळ्यांना दिसतात. म्हणून तुम्ही पुढच्या वेळी कोड बिलावर लिहूनच घ्या आणि भाग बदलण्याआधी कनेक्टर तपासायला लावा.

चेतक रोज नको, रविवारी काढा. पण त्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका आणि टाकी धुऊन घ्या. क्रँकचे ऑईल सील इतक्या वर्षांत कडक झालेले असतात, तेही बदला. नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन पिस्टन सीझ होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसू शकतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि 1986चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. पेट्रोलची नळी आधी बोटांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर किकला पाय लावू नका, आधी नळी बदला.