सांगलीहून शिमल्याला ऐन हिवाळ्यात घरसामान हलवायचे आहे. मूव्हर्स कसे निवडावेत?

आपण विचारले आहे की, बदलीमुळे जानेवारीत सांगलीहून शिमल्याला बिऱ्हाड न्यायचे असून त्यासाठी कोणती पॅकर्स-मूव्हर्स कंपनी चांगली, खर्च साधारण किती येईल आणि बर्फामुळे काही वेगळी काळजी घ्यावी लागते का. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. पहिल्याचे देणार नाही, कारण डोंगरातल्या गावी जाताना कंपनीचे नाव विचारण्यापासूनच चुकायला सुरुवात होते, आणि आमच्या घरात ती चूक नेमकी कोणी केली यावर आजही दर दिवाळीला फराळाच्या ताटावर वाद होतो.

मी विट्याचा. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशात कुठवर पोहोचले आहेत हे सांगलीच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते याच धंद्यासाठी शिमल्याला गेले आणि वर्षभर एकटे राहिल्यावर कोरोनाच्या आधीच्या एका जानेवारीत त्यांनी वहिनींना आणि मुलांना तिकडे बोलावून घेतले. तिकडच्या बऱ्याच शाळांना हिवाळ्यात मोठी सुट्टी असते आणि प्रवेश त्या सुट्टीनंतर होतात, म्हणून मुहूर्त जानेवारीचा. आपल्याप्रमाणे आमचीही निवड नव्हती. सामान बांधून घेणे आणि गाडी ठरवणे हे काम माझ्याकडे आले.

तीन ठिकाणची कोटेशने मागवली. त्यांपैकी एकाने ‘डोअर टू डोअर’ असे ठळक अक्षरांत लिहून दिले होते आणि दादांनी फोनवरून त्याच्यावरच शिक्कामोर्तब केले. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, अटींच्या बारीक छपाईत, वाहन जिथपर्यंत जाऊ शकेल तिथपर्यंतच सामान पोहोचवले जाईल, असेही एक वाक्य होते. ते मी वाचले होते, दादांना वाचूनही दाखवले होते, आणि त्यावर दादांचे उत्तर होते की, सगळ्यांच्याच कागदावर असे काहीतरी असते. आमच्या वादाचे मूळ हे वाक्य आहे आणि माझ्या मते त्याचा निकालही त्यातच आहे.

शिमला सुमारे २२०० मीटर उंचीवर, एका धारेच्या दोन्ही अंगांना वसलेले आहे. खालून कार्ट रोड जातो, वर मॉल रोड आहे, आणि या दोहोंच्या मध्ये लोअर बाजार आणि असंख्य घरे आहेत, जिथे चारचाकी जातच नाही. मॉल आणि आसपासच्या रस्त्यांवर तर परवान्याशिवाय वाहन नेण्यास कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे जुन्या शहरात घर घेतले की गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढे पायऱ्या सुरू होतात. दादांच्या घरापर्यंत कार्ट रोडपासून ११२ पायऱ्या होत्या. मी त्या नंतर मोजल्या. गाडी ठरवण्याआधी मोजून घ्यायला हव्या होत्या. तुमच्या दारापर्यंत येणार कोण, हे ठरवणारा माणूस विट्यातला किंवा सांगलीतला मूव्हर नसतो, शिमल्यातला हमाल असतो. कंपन्यांची तुलना करण्यात आपण जो वेळ घालवणार आहात, त्याच्या निम्मा वेळ घरमालकाला फोन करून पायऱ्या आणि जिन्याची रुंदी विचारण्यात घालवा.

आमचे सामान ४६ नगांचे होते. विट्यातून ते चौदा फुटी आयशरमध्ये व्यवस्थित चढले, प्रत्येक नगावर क्रमांक पडला, आणि वहिनी, मुले व मी मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून बसने पुढे गेलो. सुमारे १९०० किलोमीटरचा रस्ता असल्याने गाडी आमच्यानंतर येणार हे ठरलेलेच होते. पण तीच गाडी वर येणार नाही, चंदिगडला सगळे सामान उतरवून एका पिकअपमध्ये भरले जाईल, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. सपाटीवरचा चालक मोठी गाडी घेऊन हिवाळ्यात डोंगर चढायला राजी नसतो, आणि त्याचे चुकते असेही मी म्हणणार नाही. पण सामान गाडी बदलते तेव्हा ते दुसऱ्या हातांनी, आपल्या गैरहजेरीत आणि यादी न पाहता बदलते. शिमल्यात ४४ नग उतरले. एका खोक्यात मिक्सर आणि पुरणयंत्र होते, आणि दुसरा नग म्हणजे काकूंनी हट्टाने दिलेला तांब्याचा बंब, जो त्या थंडीत सर्वांत आधी लागला असता.

त्याच चंदिगडहून फोन आला की, हिमाचलच्या हद्दीत शिरण्यासाठी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद, काढावे लागेल आणि त्याचे चार हजार रुपये आत्ताच पाठवा. दादांनी पाठवले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची सक्ती नाही, हे मला त्यानंतर काही महिन्यांनी एका जीएसटी सल्लागाराकडून कळले. आपल्याला हे आधीच ठाऊक असावे म्हणून लिहिले.

बर्फाविषयी. आपल्याकडे लोकांची समजूत असते की बर्फ पडत असताना रस्ता सर्वांत धोक्याचा असतो. प्रत्यक्षात पडता बर्फ भुसभुशीत असतो आणि त्यावर चाक थोडेफार धरते. पडून गेल्यावर तो दुपारी वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा थर तयार होतो, तो मात्र कोणाचेच ऐकत नाही. आमचा पिकअप शिमल्याच्या अलीकडे सुमारे १३ किलोमीटरवर शोघीला पोहोचला आणि पुढचा रस्ता निसरडा झाल्यामुळे तिथेच थांबवला गेला. चाकांना बांधायच्या साखळ्या त्याच्याकडे नव्हत्या. दोन रात्री सामान उघड्यावर, नुसत्या ताडपत्रीखाली राहिले आणि खोळंब्याचे, ज्याला वाहतूकवाले हॉल्टिंग म्हणतात, दिवसाला दोन हजार आमच्या माथी आले, कारण खोळंब्याचा खर्च कोणी सोसायचा हे कोटेशनमध्ये लिहिलेच नव्हते. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पंपात जे वाटीभर पाणी राहिले होते ते त्या दोन रात्रींत गोठले आणि पंपाची बाजू तडकली. ते यंत्र विट्यात बांधताना पॅकिंगवाल्याने त्याला तीन थर बबल रॅप गुंडाळले होते, पण तळाची नळी काढून पाणी ओतून टाकण्याचे त्याला सुचले नाही, आणि सुचणार तरी कसे, विट्यात पाणी गोठलेले त्याने कधी पाहिले आहे? आपण हे काम स्वतः करा. वॉटर प्युरिफायर, गीझर, कूलर, ज्यात ज्यात पाणी उरते ते सगळे दोन दिवस आधी रिकामे करून उघडे ठेवा. टीव्ही पोहोचल्यावर हीटरच्या खोलीत लगेच उघडून सुरू करू नका. थंडगार वस्तूवर उबदार हवेतली वाफ धरते, म्हणून काही तास खोक्यातच राहू द्या.

तिसऱ्या दिवशी गाडी कार्ट रोडला लागली आणि चालकाने फळका उघडून, सामान उतरवून घ्या, असे सांगितले. पायऱ्यांचे काम आपले नाही, कागद वाचा, असेही तो म्हणाला. तेव्हा शेजारच्या दुकानदाराने चार हमाल बोलावले. शिमल्यात ओझे वाहणारे बरेच जण काश्मीरकडून येतात आणि सगळे गाव त्यांना ‘खान’ म्हणते. त्यांच्यातले जे सर्वांत वयस्क होते त्यांनी आधी सामानाकडे पाहिलेच नाही. ते रिकाम्या हाताने ११२ पायऱ्या चढून घर पाहून आले, मग बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवले, पाठीवर गोणपाटाची घडी ठेवली आणि दोराचा एक फास असा टाकला की फ्रीज उभाच्या उभा पाठीला चिकटला. दर पंचवीस-तीस पायऱ्यांनी ते कठड्याकडे पाठ करून फ्रीजचा बूड कठड्यावर टेकवत, ओझे पाठीवरून न उतरवता चार श्वास घेत आणि पुन्हा निघत. बर्फ तुडवून घट्ट झालेल्या पायरीवर ते पाऊल आधी हलकेच ठेवून पाहत आणि मगच त्यावर भार देत. ४४ नगांपैकी या माणसांच्या हातून एकालाही पोचा आला नाही. आमच्या घरी सोने गाळायच्या मुशी भुशात भरून दूरवर पाठवण्याची पद्धत आहे, त्यामुळे बांधाबांधीतले मला थोडेफार कळते, असा माझा समज होता. तो त्या दिवशी बराच कमी झाला.

अडले ते एकच, लोखंडी कपाट. ते वहिनींच्या माहेरहून लग्नात आलेले, साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, आत तिजोरीचा कप्पा असलेले. ते विट्यातच राहू द्यावे असे मी म्हणालो होतो, पण माहेरच्या वस्तूबद्दल दिराने बोलू नये हे मला तेव्हाच कळायला हवे होते. वयस्क खानांनी ते एकट्याने पाठीवर घेऊन घराच्या दारापर्यंत आणले, पण घर दुसऱ्या मजल्यावर, आणि लाकडी जिन्याला मध्ये जो काटकोनी वळसा होता त्यात कपाट ना उभे फिरेना ना आडवे. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा नुसते हाताच्या वितीने मोजून पाहिले आणि मान हलवली. घरमालकांनी भलेपणाने ते तळमजल्यावरच्या आपल्या गोदामात ठेवून घेतले.

हमालीचे जे पैसे झाले ते अर्थातच वेगळे द्यावे लागले. ‘विमा’ या नावाखाली आमच्याकडून सामानाच्या जाहीर किमतीवर तीन टक्के आधीच घेतले होते, पण भरपाई मागितल्यावर कळले की तो विमा कंपनीचा विमा नव्हताच. मूव्हरच्याच बिलातली ती एक ओळ होती. ज्यावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक नाही त्या कागदाला विमा म्हणू नये. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, सामानाची किंमत लिहून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे जादा जोखमीचा दर, म्हणजे जास्त भरपाईच्या हमीसाठी द्यायचे वाढीव भाडे, ठरवून घेतला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते, आणि नियमांनी ती मर्यादा भाड्याच्या दहापट ठेवली आहे. त्याच कायद्यात असेही आहे की, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही तर दावाच करता येत नाही. दादा सहा महिने फोन करत राहिले. फोन म्हणजे लेखी नोटीस नव्हे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते आणि येथे पुन्हा नोंदवून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तेवढी एक सोय झाली आहे.

तर मूव्हर्स कसे निवडावेत? माझे स्पष्ट मत असे की, एकाच माणसाला सगळे काम देऊ नये. सांगली ते चंदिगड गाडी एकाची, पूर्ण भरलेली, दुसऱ्याचे सामान मध्ये न घेणारी. चंदिगडपासून वरचा भाग डोंगरातल्याच वाहनवाल्याला, आणि पायऱ्यांचा भाग घरमालकाच्या ओळखीच्या हमालांना नगावर ठरवून द्यावा. चंदिगडला सामान बदलताना घरातला एक जाणता माणूस यादी घेऊन उभा असावा. हॉल्टिंग, हमाली आणि गाडीबदल या तीन गोष्टी कोटेशनमध्ये रकमेसह लिहून घ्याव्यात. जो लिहून देत नाही तो स्वस्त नसतो. घर अजून ठरले नसेल तर धारेच्या उन्हाच्या अंगाचे पाहा, कारण सावलीच्या अंगावरच्या पायऱ्यांवर बर्फ कित्येक दिवस तसाच राहतो. खर्चाचा आकडा मी देत नाही. माझा अनुभव जुना आहे आणि त्यानंतर डिझेलपासून सगळेच बदलले आहे.

आपले सामान बँकेच्या किंवा सरकारी खर्चाने जाणार असेल तर वरचे बरेचसे आपल्याला लागू नाही, कारण तिथे एकच पक्के जीएसटी बिल लागते आणि तुकड्या-तुकड्यांनी दिलेली हमाली कोणी मंजूर करत नाही. घर संजौली, कसुम्पटी अशा गाडी पोहोचणाऱ्या भागात असेल तर पायऱ्यांची निम्मी चिंता कमी होते. आणि दादा हे वाचण्याची शक्यता असल्यामुळे एक गोष्ट कबूल करतो की, मूळ कोटेशनमधून पाच हजार रुपये मीच घासाघीस करून कमी केले होते, आणि चंदिगडला गाडी बदलली ती त्यामुळेच, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला मान्य नाही. कपाट अजून त्या गोदामात आहे, त्याची एक किल्ली वहिनींकडे आहे आणि घरमालक त्यात रंगाचे डबे ठेवतात.