माळवदाच्या वाड्याचं सागवान: ठोकात विकावं की फर्निचर करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: परभणी जिल्ह्यातला आजोबांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा उतरवताय, तुळया, खांब, दारं निघताहेत, जुन्या लाकडाचा व्यापारी सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगतोय. देऊन टाकावं, की त्यातून जेवणाचं टेबल आणि दिवाण करून घ्यावा?

ठोकात देऊ नका. निदान निवडून झाल्याशिवाय तरी नकोच. मी जुन्या लाकडाचंच काम करतो. ठोकाच्या व्यवहारात सागवान आणि जळण एकाच ट्रॉलीत जातं आणि भाव जळणाच्या जवळचा पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं लोकांनी माळवदाची धास्तीच घेतली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा थरावर थर, त्यामुळं ती धास्ती खरीच होती. पण दोष लाकडाचा नव्हता. भिंती ढासळल्या तरी काही ठिकाणी लाकडी खणांचे, म्हणजे खांब-तुळयांचे, सांगाडे उभे राहिले. घरं उतरवताना मात्र तेच लाकूड मातीमोल गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी जात ओळखा. वाड्यात सगळंच सागवान नसतं. तुळया, खांब, चौकटी बहुधा सागवानाच्या, पण तुळयांवरच्या आडव्या सरांना आणि त्यांवर अंथरलेल्या बारीक किलचांना बाभूळ, कडुलिंब, जे मिळेल ते वापरलेलं असतं. कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात मारून बघा. सागवान सोनेरी-तपकिरी निघतं, बोटाला किंचित तेलकट लागतं आणि ताज्या सालपटाला चामड्यासारखा वास येतो, लाकूड कितीही जुनं असो. बाभूळ लालसर आणि चांगलीच जड. तिचे पाय, बाक, पाट उत्तम होतात. लिंबाच्या फळ्या कपाटाच्या आतल्या कप्प्यांना चालतात.

मग प्रत्येक तुळईची टोकं तपासा. भिंतीत गेलेलं टोक वर्षानुवर्षं ओल खातं, वाळवीही तिथूनच चढते. पटाशीचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर घट्ट लाकूड लागेपर्यंत कापत या. वीतभर जाईल, हातभर जाईल, हळहळू नका. मधला गाभा बहुतेक वेळा ठणठणीत असतो, कारण सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचं पांढरट लाकूड मात्र किडा खातो. बारीक भोकं दिसली तर तुकडा आठवडाभर काळ्या कागदावर ठेवा. ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. तो तुकडा वेगळा काढा, पांढरं लाकूड तासून टाका आणि बोरिक-बोरॅक्सचं पाणी द्या.

आता खिळे. सगळा खेळ इथंच बिघडतो. डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही, पण लोखंडाभोवती सागवान काळंनिळं पडतं. रंधा मारल्यावर वाटाण्याएवढा काळा डाग दिसला की तिथं लोखंड आहे असं समजून उकरा. चुंबक फिरवा, जमलं तर हातातला मेटल डिटेक्टर घ्या. आरा मिलवाले जुनं लाकूड घ्यायला कुरकुर करतात ते याचसाठी, एका खिळ्यात पातं जातं. भेगांत अडकलेली माळवदाची माती तारेच्या ब्रशनं काढा, नाहीतर रंध्याला धारच राहत नाही. दारांवर जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, गॅसच्या ज्योतीनं जाळूही नका. त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तुमची दारं त्याच्या कितीतरी आधीची. पाणी मारत ओलं खरवडा, मास्क लावा, लेकरांना लांब ठेवा.

टेबलाचं म्हणाल तर आधी चित्र काढून लाकूड शोधू नका. लाकूड मांडून ठेवा आणि मग चित्र काढा. सहा इंची खांब चिरून पाऊण इंची फळ्या केल्या की करवतीत आणि खिळ्यांच्या जागांत बरंच वाया जातं. तो खांब तसाच टेबलाचा पाय म्हणून घ्या, फळ्या तुळयांतून काढा. कोरीव तुळई-खांब किंवा दारावरची गणेशपट्टी तर कापूच नका, दिवाणाच्या पाठीला अखंड बसवा. कुसवाची, म्हणजे सांध्याची, जुनी भोकं त्याच लाकडाच्या तुकड्यानं बुजवा, पुट्टीनं नको.

जुनं लाकूड वाळलेलं असतं हे खरं, पण हलायचं थांबत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ते आटतं आणि श्रावणात फुगतं. तीन फूट रुंदीच्या टेबलटॉपमध्ये एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक सहज पडतो. म्हणून टॉप खालच्या चौकटीला चिकटवून टाकू नका, लांबट भोकातून स्क्रू द्या. उघड्यावर पावसात भिजलेलं लाकूड चिरल्यावर सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून काही महिने रचा. सागवान तेलकट असल्यानं रंधा मारल्यावर त्याच दिवशी फेव्हिकॉल लावा. तुळयांना काळं ऑइल चोपडलेलं असेल तर तो थर पूर्ण तासल्याशिवाय ना डिंक धरतो ना पॉलिश.

वर मी जवसाचं तेल देतो, पातळ हात, मध्ये वाळू देत. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या जागी सुटी पसरून वाळवा.

उरलेलं विकायचं तर घनफुटावर विका: लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. आठ फुटी, सहा बाय सहाचा खांब म्हणजे २ घनफूट. सागवान आणि बाकीचं यांचा भाव वेगवेगळा ठरवा. आणि लाकूड ट्रॉलीनं परगावी न्यायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारा. वाडा उतरवतानाचे फोटो आणि घराचा कागद जवळ ठेवा. तुळयांच्या कापलेल्या टोकांचे फोटो इथं टाकलेत तर कुठलं लाकूड कशाला घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.